तिसऱ्या गाडीची खिट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही जॉबची मापं लिहायची. कुणाचं गेट, किती फूट अँगल, कुठल्या ट्रॉलीचा हुक बदलायचा. आज त्यातलं काही लिहायचं नाही आणि लिहिल्याशिवाय राहवतही नाही. घरात आमची बोली वेगळी, पण लिहायला मला मराठीच येतं.

दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, माझ्या शेडवर एक मुलगी आली. पाठीला सॅक, हातात हेल्मेट. "चमन शिकलगार तुम्हीच का?"

"व्हय. गेट पायजे का ग्रिल?"

तिनं मोबाइल पुढं धरला. फोटोत लाल मातीच्या खाणीत आमची दोन नंबरची गाडी उभी होती.

गाडी म्हणजे फोर्कलिफ्ट. गोदामातल्या गुळगुळीत फरशीवर पळते तसली नव्हे. दगडधोंड्यात, चिखलात, उतारावर चालणारी. आम्ही जुना ट्रॅक्टर घ्यायचो, सीट आणि स्टेअरिंग उलट्या तोंडानं बसवायचो आणि मोठ्या चाकांच्या बाजूला माल उचलायचे दोन लोखंडी दात लावायचो, आणि तोलाला मागच्या टोकाला ओतीव वजन. सगळं उद्यमनगर तिला 'उलटा ट्रॅक्टर' म्हणायचं. अशा तीनच केल्या. पहिली भंगारात गेली. तिसरीचं नंतर लिहीन. दुसरी जिवंत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"मागच्या वजनावर नाव ओतलंय," मुलगी म्हणाली. "चौगले-शिकलगार. त्यातल्या चौगल्यांची मी मुलगी. अनुजा."

मी हात पुसायचं फडकं घेऊन तसाच उभा राहिलो. ही सहा वर्षांची असताना याच शेडमध्ये बेअरिंगच्या गोळ्यांनी गोट्या खेळायची.

पुण्याची नोकरी सोडून ती परत आली आहे. मलकापूरजवळ चिऱ्याची खाण आहे. पावसाळ्यात दरड आली आणि गाडी फिरते तो टप्पा रुंदीला अठ्ठावीस फुटांवरून एकवीस फुटांवर आला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला चाळीस फूट खोल. मालकाला हीच गाडी एकवीस फुटांत वळवून हवी आहे. जमलं तर अनुजाचं हे स्वतःचं पहिलं काम.

"बाबांना माहीत हाय का?"

"आहे. म्हणाले, चमनकडं जा, त्याच्या हाताला गाडी ओळखते. पण मला त्यात ओढू नकोस."

बावीस वर्षं झाली. कृष्णात चौगले, हिचा बाप आणि माझा भागीदार, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत गेला. मोठी कंपनी, महिन्याचा पगार. मला एका शब्दानं विचारलं नाही. गेला तर गेला म्हणून मी ट्रॉल्या आणि गेटं करत राहिलो.

पोरीला हो म्हणालो. का म्हणालो ते सांगता येत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मलकापूरला जाऊन आलो. खाणमालक उदयसिंह सरनोबत रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. "या पावणं. तुमची म्हातारी अजून कुणाला ऐकत न्हाई बगा."

गाडीजवळ गेलो. रंग उडून गेलाय, सीटवर पोतं बांधलंय. इंजिन सुरू केलं तर पहिल्याच झटक्यात लागलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

गाडीवरचा ड्रायव्हर सम्राट, तीसेक वर्षांचा असेल. त्यानं चिऱ्यांचं एक पॅलेट उचलून दाखवलं. वळायला त्याला पाच वेळा पुढं-मागं करावं लागलं. चौथ्या वेळी मागचं चाक कडेपासून दीड हातावर होतं. सम्राट घामानं भिजला होता. उदयसिंह तिकडं बघत नव्हते.

"रोज किती वेळा वळतोस?"

"साठ-पासष्ट वेळा."

मी खाली वाकून ब्रेकची दोन्ही पेडलं बघितली. मधे पट्टी टाकून वेल्डिंग केलेलं आहे. माझंच वेल्डिंग, मी ओळखलं. अनुजानं विचारलं, "हे का जोडलंय काका?" मी म्हटलं, "जुनं काम हाय. नंतर सांगतो."

९ नोव्हेंबर, रविवार

शेड बंद होती तरी जाऊन बसलो. गाडी यायची आहे म्हणून मागचा कोपरा रिकामा केला. तिथं एके काळी कृष्णातचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक स्टूल. टेबल कधी घेतलंच नाही, फरशीवर खडूनं ड्रॉइंग काढायचा. झाडणाऱ्या बाईला ताकीद होती, चौगल्यांचा खडू पुसायचा नाही.

सत्त्याण्णव साली पहिली गाडी केली. तेव्हाचं उद्यमनगर आठवलं की नाकात आधी वास येतो. ओतकामाची भट्टी, जळकं तेल, हात धुवायचं रॉकेल आणि त्यातच कुणाच्या तरी डब्यातला खर्डा. दुपारी भोंगा झाला की आम्ही एका डब्यात जेवायचो. कृष्णातच्या घरची भाकरी, माझ्या बायकोच्या, खैरुनबीच्या हातची वांगी. तो भाकरी मोडून माझ्या पुढ्यात टाकायचा आणि दुसऱ्या हातानं फरशीवर रेघ ओढत बोलायचा.

पहिली चाचणी पंचगंगेच्या वाळूत घेतली. बघायला सगळी गल्ली लोटली होती. ट्रॅक्टर उलटा पळतोय म्हणून पोरं शिट्ट्या मारत मागं धावत होती. गाडी सरळ छान गेली, पण वळायची वेळ आली तेव्हा नदीपर्यंत गेली. कृष्णात पाण्यात गुडघाभर उभा राहून हसत होता. मी इतकं हसलेलं माणूस नंतर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. लहानपणी तालमीत जायचा. म्हणाला, "चमन, पैलवान वळतो कसा? एक पाय रोवतो आन् दुसऱ्यानं अंग फिरवतो. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतोय. डाव्या चाकाला रोवायचं, गाडी आपसूक डावीकडं फिरंल."

आणि तसंच झालं. गाडी जागच्या जागी फिरल्यासारखी फिरली.

मग त्यालाच काळजी लागली. माल वर उचललेला असताना कुणी एकच ब्रेक दाबला तर गाडी आडवी होईल. म्हणून त्यानं खिट्टी काढली. हाताएवढा लोखंडी तुकडा. दात गुडघ्याच्या वर गेले की तार ओढली जायची, खिट्टी पडायची आणि दोन्ही पेडलं एक व्हायची. माल खाली असला तर ब्रेक वेगळे, वर असला तर एकत्र. कागद नाही, पुस्तक नाही, सगळं त्याच्या डोक्यातून.

ते दिवस परत यावेत असं वाटत नाही. पण त्या स्टुलावर कुणी बसलेलं असावं असं मात्र वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी ट्रकवरनं आली. अनुजा पोरगी कामाची आहे. कॉलेजात शिकलेलं बोलते पण पान्हा धरायला लाजत नाही. वळणाऱ्या चाकांचा सिलिंडर बदलून ती जास्त मुरडतील असं केलं. मागच्या वजनाचे दोन्ही कोपरे कापून गोल केले, म्हणजे वळताना शेपूट कातळाला घासणार नाही. दात डावी-उजवीकडं सरकवणारा पाटाही तिनंच सुचवला. माल थोडा चुकला तर सगळी गाडी हलवायला नको.

संध्याकाळी ती बाहेर जाऊन फोनवर बोलत होती. "हो, सत्तर डिग्री. नाही, लिंक घासत नाही. हो, तुम्ही म्हणालात तसं कोपरे आधी कापले." पुण्याचे कुणी सर असतील. चांगला गुरू मिळालाय तिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेडमागच्या मोकळ्या जागेत चुन्यानं एकवीस फुटांवर दोन रेघा मारल्या, मधे खडी आणि दगड टाकले. गाडी मीच चालवली. तीन वेळा फिरवली. कमीत कमी साडेतेवीस फूट लागले.

अनुजा रेघेजवळ उकिडवी बसून राहिली. मग लॅपटॉप काढला. परदेशी गाड्या दाखवल्या. एकीची चारही चाकं वळतात; खेकड्यासारखी तिरकी चालते. दुसरीला मधोमध सांधा, कंबरेत वाकते. बघायला झकास. पण मोठी चाकं वळवायची तर त्यांच्या आसाला सांधे लागतात. ट्रॅक्टरचा आस म्हणजे एकसंध ओतीव लोखंड. तो कापला तर गाडीच उरत नाही. तिलाही ते कळत होतं.

"मग काय उरतं काका?"

"ब्रेक सोडवायचे."

तिनं लगेच मान हलवली. "ते नाही. बाबांनी एकच अट घातली आहे. काहीही कर, पण पेडलं सोडवायची नाहीत."

"का म्हणं?"

"म्हणाले, माझी खिट्टी ऐन वेळी दगा देते. तिच्या भरवशावर माणूस बसवायचा नाही."

मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो आणि चहा न घेताच परत आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उदयसिंहांचा फोन आला होता. खाणीत आता दुसरी भाड्याची गाडी चालली आहे, ती हिच्याहून लांब आहे. सम्राटनं दोन दिवस कामावर यायला नकार दिला. "किती दिवस लागतील पावणं?" आठवडा, असं सांगितलं.

जेवताना अनुजाला सहज विचारलं, कंपनीत तुझे बाबा कुठल्या खात्याला होते? म्हणाली, "स्टोअरला. यंदा रिटायर होईपर्यंत."

"स्टोअरला? किस्ना?"

"हो. घरीसुद्धा हत्याराला हात लावत नाहीत. नळ गळाला तर प्लंबर बोलावतात. आई चेष्टा करते त्यांची."

मी म्हटलं, साहेब झाला, दुसरं काय. ती हसली नाही.

एवढा हुशार माणूस आणि नटबोल्टाच्या खात्यात. त्याला कुणी विचारलंच नसेल. मोठ्या कंपन्यांना डिग्री लागते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसऱ्या गाडीचं लिहितो. कुणाला सांगितलेलं नाही. खैरुनबीलाही नाही.

२००३ साल. जयसिंगपूरच्या एका लाकडाच्या वखारीची ऑर्डर होती. गाडी तयार झाली पण खिट्टीची तार आली नव्हती. कृष्णात म्हणाला, तार आल्याशिवाय द्यायची नाही. तो भाऊबंदातल्या एका लग्नाला गेला. वखारवाल्यांचा रोज फोन. मी गाडी देऊन टाकली. आठ दिवसांत जाऊन बसवू म्हटलं. खिट्टी माझ्या टूलबॉक्समध्ये होती.

चौथ्या दिवशी गाडी आडवी झाली. ड्रायव्हर आकाराम, सव्वीस वर्षांचा. ओंडके वर होते आणि त्यानं एकच ब्रेक दाबला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

कृष्णात लग्नातून सरळ मिरजेला दवाखान्यात गेला. रक्त दिलं, दोन दिवस तिथंच बसला. मी गाडीजवळ थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत कुणी यायच्या आत मी खिट्टी बसवली. बाजारात मिळाली तसली तार जोडली. मग पकडीनं तार तोडली आणि टोकं जरा घासून ठेवली.

कृष्णात आला, खाली वाकून बघितलं. तुटलेली तार हातात धरून बराच वेळ बसला. एवढंच म्हणाला, "तुटली." तार आल्यावरच मी गाडी दिली असं त्याला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

दोन नंबरच्या गाडीची पेडलं त्यानंच मला जोडून टाकायला सांगितली. महिन्याभरात तो कागलला गेला. मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो की तो पगारासाठी गेला.

खिट्टी कधी फेल गेलेली नाही. ती तिथं नव्हतीच. हे फक्त मला माहीत आहे, आणि एकवीस फुटांत वळायला दुसरा मार्ग नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आधी आकारामला बघून यावं असं वाटलं. जयसिंगपूरला एसटीनं गेलो. वखार बंद पडलीय, पण चौकशी केल्यावर घर सापडलं. त्याची पिठाची गिरणी आहे. जयपूर फूट लावून उभा राहतो, अंगभर पीठ. मला ओळखलं.

"या चमनभाई. आज वाट चुकला जणू."

मी म्हटलं, इकडं काम होतं. त्यानं आईकडून चहा मागवला. आईला सगळे आक्काच म्हणतात. ऐकू कमी येतं तिला.

"किस्नातात्या बरं हायत न्हवं? औंदा गुडघा दुखतोय म्हणत हुतं."

"तुला कवा भेटला?"

"दर वर्साला येत्यात की. मला दवाखान्यातनं सोडल्यापास्नं एक वर्स चुकलं न्हाई. बसत्यात, गिरणीचा पट्टा बघत्यात, जात्यात. लई बोलत न्हाईत." मग म्हणाला, "माज्यामुळं तुमचा कारखाना मोडला. मी त्यास्नी म्हणतो तसं. ते नुसतं मान हलवत्यात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

जाताना त्याचा पोरगा स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "आमचं आप्पा कुठल्याच गाडीला हात लावत न्हाईत. साधी सायकल न्हाई." पायाचा त्रास होत असेल. जयपूर फुटानं सायकल चालवता येते असं मी ऐकलं होतं, पण ज्याचं त्याला कळतं.

कृष्णात दर वर्षी गेला. मी बावीस वर्षांत एकदाही गेलो नाही.

१ डिसेंबर, सोमवार

अनुजाला ताप आला आहे म्हणून निरोप. बरं झालं. तिच्या तोंडाकडं बघवलं नसतं.

खैरुनबीला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, "मला का सांगताय? मी काय करू? ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा."

३ डिसेंबर, बुधवार

कागलला जाऊन आलो.

कृष्णात अंगणात मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होता. केस सगळे पांढरे. मला बघून झारी खाली ठेवली. "ये. अनुचा ताप उतरलाय. झोपलीय."

"तुज्याकडं आलोय."

त्यानं बाहेर खुर्ची टाकली. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर राहिलं असतं. तार आली नव्हती, तरी गाडी दिली. खिट्टी टूलबॉक्समध्ये होती.

तो म्हणाला, "खिट्टी मी बघितलीती. बसवलेली हुती. तार तुटलीती."

"दुसऱ्या दिवशी सकाळी बसवली मी. तार मी तोडली. पकडीनं."

त्याला आधी कळलंच नसावं. मिरच्यांकडं बघत राहिला. मग हातानं खुर्चीची पाठ धरली.

"तार तुटली नव्हती."

"न्हाई. तार नव्हतीच."

आतून कुकरची शिट्टी झाली. तो हळूहळू बोलायला लागला, माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलावं तसा.

"कंपनीनं मला ड्रॉइंगला घेतलंतं. सायेब घरी आलता बोलवायला. मी म्हणलं न्हाय, मला स्टोअर द्या. माझ्या डोस्क्यातलं कागदावर आलं की माणूस मोडतोय, असं वाटायचं मला. बावीस वर्सं नटबोल्ट मोजलं, चमन."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"जा आता," तो म्हणाला. "अनु उठायच्या आत जा."

११ डिसेंबर, गुरुवार

आठ दिवस शेडवर कुणी आलं नाही. गाडी कोपऱ्यात तशीच. मी एक गेट केलं, त्याची बिजागरी उलटी बसली, परत काढली. उदयसिंहांचा फोन दोनदा घेतला नाही, तिसऱ्यांदा घेतला आणि खरं तेच सांगितलं, की थांबलंय आणि मला पुढचं माहीत नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सम्राटच्या बायकोचं दिवस भरल्यात. त्याला मी कडंला न्हाई पाठवत आता. पर खाण बंद ठिवून किती दिस बसू?"

मी अनुजाला फोन केलेला नाही. तिला त्यानं सांगितलं असेल का, एवढंच डोक्यात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी शेड उघडायला गेलो तर कृष्णात दारात उभा. शेजारी अनुजा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे सांगितलंय.

तो काही न बोलता आत आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या वजनाच्या गोल कोपऱ्यांवर हात फिरवला, आणि अनुजाच्या फोनवरचे ते सर कोण होते ते मला कळलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या वर्कबेंचवर पसरला. कागद घड्यांवर झिजून फाटला होता, मागं कंपनीच्या स्टोअरचा छापील तक्ता. पुढं पेन्सिलीनं काढलेली खिट्टी.

"उलटी करायची," तो म्हणाला. "पयली खिट्टी तारेनं बंद व्हायची. ही तारेनं उघडंल. स्प्रिंग तिला बंदच धरणार. तार तुटू दे, निसटू दे, कुणी तोडू दे, पेडलं एकच ऱ्हातील."

"हे कवा काढलंस?"

"दोन हजार तीन साली. स्टोअरला लागलो तवाच."

हा माणूस रोज नटबोल्ट मोजत होता आणि खिशात हे घेऊन फिरत होता. मी कागदाकडं बघत राहिलो. तो म्हणाला, "बघतोस काय? ग्राइंडर घे. तुजं वेल्डिंग तूच काप."

कापलं. दिवसभरात आम्ही कामाचं तेवढंच बोललो. पान्हा दे. धर. सोड. पूर्वीही आम्ही काम करताना एवढंच बोलायचो, पण ते वेगळं होतं. दुपारी तो आणि अनुजा त्यांचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसले. मी आत जेवलो.

संध्याकाळी अनुजा जवळ आली. "काका, मी तुमच्यावर रागावले आहे."

"व्हय."

"आणि काल बाबांनी घरातला नळ दुरुस्त केला."

एवढं बोलून ती हत्यारं आवरायला लागली.

२० डिसेंबर, शनिवार

आज खाणीत चाचणी झाली. घरी येऊन लगेच लिहितोय. सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही.

कृष्णातनं सम्राटला सीटवर बसवून अर्धा तास नुसतं समजावलं. दात खाली असताना डावं दाबून बघ, उजवं दाबून बघ. आता दात वर घे. आता एकच दाब. सम्राटनं दाबलं, दोन्ही पेडलं बरोबर खाली गेली. कृष्णातनं खाली वाकून तार काढून टाकली. परत दाब म्हणाला. दोन्ही गेली. दात खाली घेऊन दाबायला लावलं. तरीही दोन्ही गेली. पाच वेळा त्यानं ते करून घेतलं. मग तार जोडली.

आधी कडेपासून लांब, सपाटीवर. मग टप्प्यावर. चिऱ्यांचं पॅलेट दातांवर, जमिनीपासून वीतभर. सम्राटनं डावा ब्रेक दाबला. मोठं चाक लाल मातीत रुतून थांबलं आणि अख्खी गाडी त्याच्याभोवती फिरली. मागची छोटी चाकं दगडावरनं वरखाली झाली, त्यांचा आस मधल्या खिळ्यावर डुलला, पण वरचे चिरे हलले नाहीत. एकाच फेरीत तोंड फिरलं. अनुजानं टेप लावला. साडेएकोणीस फूट. कडेला दीड फूट शिल्लक.

उदयसिंहांनी फेटा काढून कपाळ पुसलं. सम्राट खाली उतरला आणि आधी अनुजाच्या, मग कृष्णातच्या पाया पडला. पलीकडच्या दोन खाणींचे मालक बघायला आले होते, ते अनुजाचा नंबर घेत होते. पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता.

कृष्णात एका चिऱ्यावर बसून होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. म्हटलं, "पंचगंगेतली पयली चाचणी आठवती का?"

"आठवती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आकारामला सांगितलंस?"

"न्हाई."

परत येताना अनुजाची कार कोल्हापुरात शिरली तेव्हा कृष्णात मागच्या सीटवरनं म्हणाला, "थांबवू नगस अनु. तशीच जयसिंगपूरला घे."

गिरणी चालू होती. दोघांना एकत्र बघून आकाराम गोंधळला. त्यानं पट्टा काढला, गिरणी थांबली, आणि इतकी शांतता झाली की मला माझंच ऐकू यायला लागलं. आक्का दारातल्या पोत्यावर बसली होती.

मी सांगितलं. कृष्णातला सांगितलं तसंच, पहिल्यापासून. शेवटी म्हटलं, "खिट्टी असती तर तुला एकच ब्रेक दाबताच आला नसता. तू दाबलास ती तुजी चूक न्हवं. गाडीच अपुरी हुती. मी दिली."

मला वाटलं होतं तो अंगावर येईल. यायलाच हवा होता. तो डब्याच्या फळीला टेकला. पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडावर काय चाललंय ते कळेना.

"मंजे," तो म्हणाला, "मी घाई केली म्हणून न्हाई?"

"न्हाई."

"वखारीतली सगळी म्हणलीती, डायवर अडाणी. मालक म्हणला. मलाबी तसंच वाटत आलं. पोराला गाडी शिकवताना मी त्याच्या जवळ थांबलो न्हाई. म्हणलं, माजं बघून तोबी तसाच चालवील."

कृष्णात खाली बघत होता. अनुजा बाहेर गेली.

आकाराम आक्काजवळ गेला, वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आक्का, ऐकलंस का? माजी चूक न्हवती."

"काय?"

"गाडी पडली ती. माजी चूक न्हवती."

आक्कानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मग एवढी वरसं कुणी सांगितलं का न्हाई?"

कृष्णातनं तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोललो. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो. "मी, आक्का. मी सांगितलं न्हाई."

दारात एक बाई दळणाचा डबा घेऊन उभी होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक. आकारामनं तिला हातानं थांब म्हणून खूण केली आणि आईशेजारी पोत्यावर बसला. गिरणी त्यानं लगेच सुरू केली नाही.